गादीवाल्यांची दुपारची झोप

जेवण झालं, हात पुसले, की गादीवाले दुकानाच्या काचेआड मांडलेल्या गादीवर आडवे होत. पाठ टेकेपर्यंत त्यांचा डोळा लागलेला असे. डोकं उशीवर पोचायचं तेवढं उरलेलं काम झोपेतच उरकायचं.

दुकान चढाच्या रस्त्यावर होतं. एका बाजूला घड्याळजी, दुसऱ्या बाजूला बँक. बँकेतले कारकून जेवून परत जाताना काचेपाशी हटकून थांबत. लागोपाठ दोन पाळ्या संपवून घरी निघालेली एक नर्स तर एकदा इतका वेळ कपाळ टेकून उभी राहिली की काचेवर तिच्या कपाळाचा ठसा उमटला. गादीवाल्यांच्या चेहऱ्यावर झोपेत असं काही समाधान पसरे की बघणाऱ्याला आपल्या घरची गादी आठवे, तिच्यात गोळा झालेला कापूस आठवे, आणि पाय आपोआप दुकानाच्या पायरीकडे वळत.

आत गादीवाल्यांची बायको शिलाई यंत्रावर खोळी शिवत बसलेली असे. गाद्या टाचायचं दाभण तिच्या अंबाड्यात खोचलेलं.

"बोला. एकट्याला हवी का दोघांना?"

"ती तिकडची. ते झोपलेत ती."

"तीच हवी असेल तर ते उठेपर्यंत थांबावं लागेल."

आणि लोक थांबत. कुजबुजत बोलत, चपला हातात घेऊन फिरत. अंथरूण पाहून पाय पसरावे म्हणतात; गादीवाल्यांपाशी अंथरुणांना तोटा नव्हता, त्यांनी पसरले. आपण आळशी आहोत असं त्यांच्या मनाला कधी शिवलं नाही. आपण दुकानात काम करतो अशीच त्यांची प्रामाणिक समजूत होती, आणि खरं सांगायचं तर ती चुकीची नव्हती.

पण पुढे पुढे झोप अंगावर यायला लागली. सकाळी उठताना भिजलेल्या कापसाचं गाठोडं उचलावं तसं स्वतःला उचलावं लागे. नाक सदा चोंदलेलं, तोंडाला चव नाही, बुटाची नाडी बांधायला वाकलं की पोट आधी पोचे. आणि घोरणं इतकं वाढलं की एके दिवशी शेजारचे घड्याळजी डोळ्यावरचं भिंग तसंच ठेवून दुकानात आले.

"वहिनी, एक विनंती आहे," ते अगदी सभ्यपणे म्हणाले. "यांनी श्वास सोडला की माझ्या टेबलावरचे स्क्रू उड्या मारतात. आज एक सापडत नाहीये. एका बाईसाहेबांच्या मनगटी घड्याळाचा होता."

त्याच संध्याकाळी बायकोने गादीवाल्यांना वैद्यबाईंकडे नेलं. नेलं म्हणजे पुढे घालून नेलं.

वैद्यबाईंचा दवाखाना एका सायकल दुकानाच्या वर होता. लाकडी जिना, वर एक लांब बाक, भिंतीला काचेच्या बरण्या आणि आतल्या खोलीतून येणारा गरम तेलाचा वास. वैद्यबाई बुटक्या, शांत, आणि माणसाला दारातून आत येताना बघूनच अर्धी तपासणी संपवणाऱ्या. गादीवाले जिन्यावर तीनदा थांबले तेव्हाच त्यांनी काहीतरी ओळखलं होतं.

त्यांनी गादीवाल्यांच्या मनगटावर तीन बोटं ठेवली आणि डोळे मिटले. गादीवाल्यांनीही सौजन्य म्हणून मिटले. बायकोने कोपराने ढोसून त्यांना जागं केलं.

"वाताची नाडी सापासारखी सळसळते," वैद्यबाई म्हणाल्या, "पित्ताची बेडकासारखी उड्या मारते. तुमची हंसासारखी चालते आहे. डौलात."

गादीवाल्यांचा चेहरा उजळला. "हंस," ते बायकोकडे वळून म्हणाले.

"चालतोय कुठे?" बायको म्हणाली. "बसलाय तो. उठायचं नाव काढत नाही."

"तेच सांगते आहे. स्वप्नं कसली पडतात?"

"पाण्याची," गादीवाले म्हणाले. "मोठं तळं असतं. मध्ये एक गादी तरंगत असते. डबल."

"आणि तुम्ही?"

"मी तिच्यावर असतो. झोपलेला."

स्वप्नातसुद्धा झोपणारा पेशंट वैद्यबाईंना बहुधा पहिल्यांदाच भेटला असावा. त्यांनी पाण्याचा घोट घेतला आणि नीट समजावून सांगितलं. प्रत्येकाच्या अंगात वात, पित्त, कफ तिन्ही असतात. कुणात एक जास्त, कुणात दुसरं. वात म्हणजे वारा, हलका, कोरडा, चंचल. पित्त म्हणजे आग. कफ म्हणजे माती आणि पाणी, जड, थंड, मऊ, जागचं न हलणारं. वाढलेल्याला ताळ्यावर आणायचं तर त्याच्या उलट वागायचं. जडाला हलकं, थंडाला गरम, ओशटाला कोरडं.

"तुम्ही धंद्याने आणि प्रकृतीने, दोन्हीकडून गादीच आहात," त्या म्हणाल्या. "तेव्हा पहाटे उठून भरभर चालायचं. कोमट पाण्यात मध. जेवणाआधी सुंठ-मिऱ्याचं चूर्ण. गोड बंद, रात्रीचं दही बंद. आठवड्यातून दोनदा इथे येऊन अंगाला कोरडं उटणं रगडून घ्यायचं. आणि दिवसा झोपायचं नाही."

बाकीचं सगळं गादीवाल्यांच्या कानावरून गेलं. शेवटचं आत उतरलं.

"दिवसा म्हणजे कधीपासून?"

"सूर्य उगवल्यापासून."

"कधीपर्यंत?"

"मावळेपर्यंत."

गादीवाल्यांनी बराच विचार केला. "ढगाळ असलं तर?"

"चला," बायको म्हणाली आणि उठली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, असं गादीवाल्यांना जिना उतरताना वाटलं.

उटणं लावणारा माणूस आडदांड आणि मितभाषी होता. त्रिफळा आणि कुळथाचं भरड पीठ मुठीत घेऊन तो पायाकडून वर, वर, उलटा रगडत जाई, जसं करपलेलं भांडं घासावं. गादीवाले पहिल्या दिवशी म्हणाले, "जरा हळू."

तो म्हणाला, "हळू केलं तर चरबीला वाटतं लाड चाललेत."

घरी येताना मात्र गादीवाल्यांना पाय हलके वाटले. पण दुपार काही हलकी झाली नाही. जेवण झालं की मान लवायला लागे. बायकोने गादीवर बसायला बंदी केली, ते तिपाईवर झोपले. तिपाई काढून घेतली, ते गाद्यांच्या ढिगाला टेकून उभ्याने झोपले. शेवटी बायकोने त्यांना दुकानाच्या दारात, कशाचाही आधार नसलेल्या जागी उभं केलं आणि मिरी चघळायला दिली.

"कुणी आलं तर बोला त्यांच्याशी."

"काय बोलू?"

"इतकी वर्षं दुकान आहे तुमचं. सुचेल काहीतरी."

गादीवाले आजवर जागेपणी गिऱ्हाइकाशी बोललेच नव्हते. आता बोलायला लागले आणि थांबेनात. उटणं आणि सुंठ लागू पडली तसा त्यांच्या अंगात नवाच उत्साह संचारला. पट्टा आत जाऊ लागला, नाक मोकळं झालं, डोळे चमकायला लागले, आणि मोकळ्या नाकाने ते लोकांना आरोग्य सांगू लागले. गादी मागायला आलेल्या माणसाला ते आधी विचारत, "दिवसा झोपता का?" तो हो म्हणाला की म्हणत, "मग गादी कशाला घेता? बाक घ्या." एका लठ्ठ वकिलांना त्यांनी मऊ गादी विकायला सपशेल नकार दिला. एका बाईंचं मनगट धरून, डोळे मिटून सांगितलं, "तुमच्यात बेडूक आहे."

बाई रस्त्यात भेटेल त्याला ते सांगत सुटल्या. काचेपाशी आता कुणी थांबेना. थांबलं की गादीवाले बाहेर येऊन जीभ दाखवायला सांगत.

"झोपलेले होतात तेव्हा चार गिऱ्हाइकं यायची," बायको दाभण गादीत खुपसत म्हणाली. "जागे झालात आणि दुकान झोपलं."

आता इथे बायकोच्या धाकट्या भावाची गोष्ट सांगायला हवी. त्याला सगळे भिंगरी म्हणत, कारण पायाला भिंगरी लावूनच तो जन्मला होता. धंदा कुलपं दुरुस्त करण्याचा. दुसऱ्यांची कुलपं उघडायचा आणि स्वतःच्या घराची किल्ली हरवायचा. अंगाने काटकुळा, टाचांना भेगा, बोलताना बोटं मोडायची सवय, आणि बोलणं असं की पहिलं वाक्य संपायच्या आत तिसरं सुरू. अर्ध्या जेवणातून उठून जाई. रात्री डोळ्याला डोळा लागत नसे, तर उठून घरातल्या धडधाकट कुलपांना तेल घालत बसे.

भावोजी हलके झाले, तरतरीत झाले, हे त्याने पाहिलं आणि त्याला राहवेना. वैद्यबाईंना विचारण्याइतका दम त्याच्यात कुठला. त्याने भावोजींना विचारलं, आणि भावोजींना तर कुणी विचारावं हेच हवं होतं.

"सुंठ-मिरी खा," गादीवाले म्हणाले. "गोड बंद. पहाटे पळ. अंगाला कोरडं पीठ लाव. मी बघ कसा झालो."

भिंगरीने सगळं केलं, आणि घाईचा स्वभाव म्हणून दुप्पट केलं. आधीच काडी, त्यात उपास. थोड्याच दिवसांत तो चालला की सांध्यांतून कुरकुर आवाज यायला लागला. ओठ फाटले, हात थरथरायला लागले, पोट फुगून ढोल झालं, आणि होती नव्हती ती झोपही उडाली. एका सकाळी कुणाचं तरी कुलूप उघडायला गेला तो घाईत भलत्याच घरात शिरला. तिथल्या दाराला कुलूप नव्हतंच. याने एक बसवलं, ते उघडलं, आणि "झालं काम" म्हणून निघून आला.

घरमालकाने तक्रार आणली तेव्हा बायकोने कपाळावर हात मारला आणि भावाला वैद्यबाईंपुढे बसवलं. बरोबर गादीवालेही, आरोपी म्हणून.

वैद्यबाईंनी भिंगरीची नाडी धरली. ती धरायलाही त्यांना दोनदा मनगट पकडावं लागलं. "साप," त्या म्हणाल्या. "आणि चवताळलेला." मग त्या गादीवाल्यांकडे वळल्या. "तुम्ही याला औषध सांगितलंत?"

"जे मला लागू पडलं तेच सांगितलं."

"तुमच्यात माती आणि पाणी जास्त, म्हणून तुम्हाला वाळवलं. हा मुळातच वारा. वाऱ्याला वाळवून काय उरणार? एकाचं पथ्य दुसऱ्याचं विष होतं. उद्या तुमचा सदरा याला घालाल का?"

"घातला होता एकदा," भिंगरी म्हणाला, "लग्नात, म्हणजे ताईच्या, नाही, नंतरच्या, त्या दिवशी पाऊस पण होता, तुमच्या दाराची कडी ढिली आहे बाई."

भिंगरीला सगळं उलटं मिळालं. कोमट तिळाचं तेल अंगभर, हळूहळू. गरम दूध, तूप, गोड, वेळेवर पोटभर जेवण. आणि कपाळावर तेलाची धार. त्याला लाकडी टेबलावर निजवलं, वर टांगलेल्या भांड्यातून कोमट तेलाची बारीक धार दोन भुवयांच्या मध्ये सोडली. भिंगरी बोलतच होता. भांड्याची साखळी कशी चुकीची लावली आहे, ती कशी लावायला हवी, एकदा एका तिजोरीची साखळी कशी... आणि इथे त्याचं वाक्य तुटलं. उटणं लावणारा माणूस, जो कधी कशाने दचकत नसे, तो वाकून श्वास चालू आहे का बघून गेला.

"याला आता काही दिवस दुपारीही झोपू द्या," वैद्यबाई म्हणाल्या. "झिजलाय तो. झोप म्हणजे त्याचं औषध."

गादीवाल्यांनी तो 'दुपारीही' शब्द मनातल्या मनात दोनदा म्हणून पाहिला.

भिंगरीच्या घरी झोपायची सोय नव्हती. खाली पत्रे ठोकायचा कारखाना. म्हणून बायकोने त्याला, तेलाने निथळणाऱ्याला, जुन्या चादरीत गुंडाळून दुकानात आणलं आणि काचेआडच्या गादीवर ठेवलं. तो तिथे जो झोपला तो झोपलाच.

बँकेतले कारकून थांबले. घड्याळजी भिंग लावून बघून गेले. भिंगरीला कधीच कुणी झोपलेलं पाहिलं नव्हतं, हे सगळ्या रस्त्याला ठाऊक होतं. ज्या गादीवर भिंगरी झोपतो ती गादी काय चीज असेल, असं ज्याच्या त्याच्या तोंडी झालं. ती नर्स या वेळी बाहेर थांबली नाही, सरळ आत आली आणि म्हणाली, "तीच द्या."

दुकान पुन्हा चालायला लागलं. गादीवाले दारात मिरी चघळत उभे. आपल्या जागेवर दुसऱ्या कुणाला घोरताना बघणं काय असतं ते त्यांना तेव्हा कळलं. त्यात भिंगरीला घोरताही येत नव्हतं धड, नुसती फुसफुस. गादीवाल्यांना तर आतून ओरडून सांगावंसं वाटे, अरे असं नाही, छातीतून सोड.

शेवटी व्हायचं ते झालं. एका दुपारी एक निवृत्त हेडमास्तर कडक गादी बघायला आले. बायकोने गाद्यांचा ढीग दाखवला. हेडमास्तर वरच्या गादीवर बसले, हाताने चाचपली, मग कान टवकारले.

"ही घोरते आहे," ते म्हणाले.

"नवा कापूस आहे," बायको म्हणाली. "बसतोय आतल्या आत."

हेडमास्तर थोडं सरकले. ढिगातून खोल कण्हल्यासारखा आवाज आला आणि मागोमाग शब्द.

"कापूस आत्ता 'अगं, पाणी दे' म्हणाला," हेडमास्तर म्हणाले. शाळेत बोलणारी मुलं हुडकण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. ते खाली उतरले आणि त्यांनी स्वतःच वरची गादी उचलली. खाली, दोन गाद्यांच्या मधोमध, कापूस भरावा तसे गादीवाले भरलेले होते. घामाघूम, गालावर टाक्यांचे वळ, आणि चेहऱ्यावर तेच जुनं समाधान.

बायकोचं पित्त खवळलं. ती काय बोलली ते लिहिण्यात अर्थ नाही, कारण सगळ्या रस्त्याने ते ऐकलं. भिंगरी जागा होऊन ताडकन उभा राहिला. हेडमास्तरांनी सुद्धा हात मागे बांधले.

नवऱ्याला आणि भावाला पुढे घालून ती वैद्यबाईंकडे पोचली. चेहरा लालबुंद, कपाळावर घाम, डोळ्यांतून ठिणग्या. "एक बघावं तर झोपतो, एक बघावं तर झोपत नाही," ती म्हणाली. "माझ्या नाकी नऊ आलेत. आधी यांना बघा."

वैद्यबाई तिच्याकडेच बघत होत्या. "छातीत जळजळतं का?"

"कुणाच्या?"

"तुमच्या. डोकं दुखतं? उन्हात फिरलं की जास्त? भूक लागली आणि ताट मिळालं नाही की?"

"मग कुणी लोणचं तोंडात टाकायलाही उसंत देतं का मला," बायको म्हणाली, आणि तिच्या लक्षात यायच्या आत तिचं मनगट वैद्यबाईंच्या हातात होतं.

"बेडूक," गादीवाले हळूच भिंगरीला म्हणाले.

बायकोची चिकित्सा सगळ्यांत मोठी निघाली. काही दिवस रोज सकाळी कडू औषधी तूप, मग अंगाला तेल, शेक, आणि मग एका सकाळी पोट साफ करायचं औषध. त्या दिवशी ती घरी होती आणि मोरीच्या बाजूच्या बंद दाराआडून तिने कारभार चालवला. "दुकान उघडलं का?" असं ती आधी ओरडली. मग नुसतं "दुकान?" मग "दु." दुपारनंतर काहीच नाही. वैद्यबाईंनी सांगितल्याप्रमाणे तिला पातळ पेज दिली, ती तिने मुकाट्याने घेतली आणि निजली.

दुसऱ्या दिवशी ती दुकानात आली ती हलकेच, पावलांचा आवाज न करता. भिंगरीने नेमक्या पांढऱ्याशुभ्र नव्या गादीवर तेलाचं डोकं टेकलं होतं. हा एवढा थोरला डाग पडलेला. दोघं श्वास रोखून उभे राहिले.

बायकोने डाग पाहिला. "असू दे," ती म्हणाली. "माणसापेक्षा गादी मोठी आहे का?"

गादीवाल्यांनी मेव्हण्याकडे पाहिलं. मेव्हण्याने मागे सरकून भिंत धरली. दिवसभर असंच चाललं. तिला पाणी हवं होतं तर तिने 'जरा' म्हणून मागितलं. गिऱ्हाइकाने घासाघीस केली तर 'तुमचंही बरोबर आहे' म्हणाली. संध्याकाळी गादीवाले जिना न थांबता चढून वैद्यबाईंकडे गेले.

"बाई, तिच्यात काही उरलंच नाही हो. सगळं गेलं."

"पित्त गेलं. चांगलंच झालं ना?"

"त्याबरोबर माझी बायको पण गेली. आता घरात आहे ती भली आहे, तक्रार नाही. पण मी तिला ओळखत नाही. सकाळी मला म्हणाली, 'तुम्ही थकला असाल.' मला रडूच आलं."

वैद्यबाई हसल्या नाहीत, निदान तोंडाने. "पेजेवरून हळूहळू जेवणावर येऊ द्या. प्रकृती जन्माची असते, ती कुठे जात नाही. आम्ही फक्त उतू जाणारं कमी करतो."

गादीवाले वाट बघत राहिले. वरण-भात सुरू झाला, तरी ती गोडच बोलत होती. तिच्यावर भार नको म्हणून गादीवाल्यांनी एक खोळ स्वतःच शिवायला घेतली. शिलाई बाहेरच्या अंगाला आली, एक बाजू दुसरीपेक्षा वीतभर लांब, आणि चुकून स्वतःच्या सदऱ्याची बाही तिच्यात शिवली गेली. बायको आली तेव्हा ते खोळीला जोडलेले बसले होते.

तिने खोळ हातात घेतली. उलटी केली, सुलटी केली. शिलाईवरून बोट फिरवलं.

"हे कुणी शिवलं?" आवाज बारीकच होता.

"मी."

"कशाने? पायाने?"

गादीवाल्यांनी मान खाली घातली, कारण चेहऱ्यावरचं हसू लपवायला दुसरी जागा नव्हती.

"आणि ती कात्री कुणी उलटी ठेवली? आणि हा धागा? रंग दिसत नाहीत का तुम्हाला? आणि तू काय बघतोस रे, इकडे ये, उसव हे सगळं, दोघं मिळून उसवा, आणि बाही कापलीत तर याद राखा."

भिंगरी धावत आला. दोघं समोरासमोर मांडी घालून टाके उसवायला बसले. ती डोक्यावर उभी होती, एक हात कमरेवर, आणि कुठला टाका आधी, कुठला नंतर ते सांगत होती. घड्याळजी आवाज ऐकून डोकावले आणि काही न विचारता परत गेले.